व्हिसा, इमिग्रेशन आणि खोळंबा: माढ्याहून परदेशी निघणाऱ्यांनी आधी काय तपासावं?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं नाव डिसेंबर २०२० मध्ये जगभर पोचलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. बक्षिसाची रक्कम होती दहा लाख डॉलर. पुढे त्यांना अमेरिकेतल्या अभ्यासासाठी फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा बातम्यांत आले. यावेळी विषय होता रजेचा. परदेशी जाण्यासाठी केलेला त्यांचा रजेचा अर्ज जिल्हा परिषदेत अडकला होता. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर ती रजा मंजूर झाली.

या प्रकरणाची तेव्हा चर्चा झाली ती सरकारी कारभाराच्या अंगाने. पण परदेशी निघालेल्या कुणासाठीही त्यात कामाची गोष्ट आहे. 'खोळंबा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई विमानतळावरची रांग येते. प्रत्यक्षात बहुतेक माणसं अडकतात ती त्याच्या कितीतरी आधी, घरच्या कपाटातल्या कागदांमध्ये. विमानतळावर ते फक्त उघडकीला येतं.

माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या पट्ट्यातून परदेशी जाणारे आता कमी नाहीत. मुलगा-सून अमेरिकेत किंवा जर्मनीत, म्हणून बाळंतपणाला निघालेले आईवडील. एमएस करायला निघालेली मुलं. आखातात कामाला जाणारे. कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यावर निघालेले शेतकरी. आणि चार मित्रांनी मिळून थायलंड ठरवलेले तर असतातच. या सगळ्यांची एक अडचण सारखी आहे. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, बहुतेक देशांची व्हिसा केंद्रं पुण्यात किंवा मुंबईत आहेत, आणि कुर्डुवाडी ते पुणे हेच अंतर रेल्वेने सुमारे १८५ किलोमीटर आहे. पुण्यात राहणाऱ्याचा एखादा कागद राहिला तर त्याचा अर्धा दिवस जातो. माढ्याच्या माणसाचे दोन दिवस जातात, आणि पुढची अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

नावाचा घोळ

सगळ्यात जास्त त्रास देतं ते नाव. शाळेच्या दाखल्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव', बँकेत ते नाही. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. 'जाधव'च्या शेवटी व्ही की डब्ल्यू, 'पाटील'मध्ये एक आय की दोन ई, यावर एकाच घरातल्या दोन भावांचं एकमत नसतं. गावात कुणाचं त्यावाचून अडत नाही, कारण माणूस ओळखीचा असतो. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र फक्त अक्षरं दिसतात.

बायकांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि अनेक घरांत स्वतःचं नावही बदललेलं असतं. म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक बाई आणि आधारवर पूर्णपणे दुसरी. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, फक्त तिकीट आणि व्हिसा त्याच नावाने हवा. नाव बदलायचंच असेल तर आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढावं. पहिलं नावही बदललेलं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा, आणि मग आधार, पॅन, पासपोर्ट या क्रमाने सगळं एकसारखं करावं. याला महिना-दोन महिने सहज जातात. तिकीट काढल्यावर हे काम सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

पासपोर्टच्या अर्जात 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन रकाने असतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढे लिहितात. काहींनी मात्र जुन्या पासपोर्टात सगळं नाव एकाच रकान्यात भरलेलं असतं आणि दुसरा रिकामा असतो. संयुक्त अरब अमिरातीने, म्हणजे दुबई-अबुधाबीने, नोव्हेंबर २०२२ पासून असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने प्रवेश बंद केला. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालतं असा खुलासा नंतर झाला. तरीही आपला पासपोर्ट एकदा उघडून बघावा. तिकीट काढतानाही दोन्ही रकाने पासपोर्टवर आहेत तसेच भरावेत, टोपणनाव आणि आद्याक्षरं तिथे चालत नाहीत.

नावानंतर जन्मतारीख. ग्रामीण महाराष्ट्रात एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, असं गमतीने म्हणतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली. आता ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत वेगळी तारीख आणि दाखल्यावर १ जून, असे दोन कागद एकाच अर्जाला जोडले की अर्ज थांबतो. जी तारीख सगळ्यात जास्त अधिकृत कागदांवर आहे ती धरावी आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग नोंदणीच्या वेळीच तपासून घेतलेलं बरं.

पासपोर्टची मुदत आहे, पण पुरेशी आहे का?

पासपोर्टवर अजून चार महिने शिल्लक आहेत आणि सहल आठ दिवसांची आहे, मग अडचण काय? अडचण आहे. सिंगापूर, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, अमिराती या देशांत पोचायच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना, तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने लागतात आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. लहान मुलांचा पाचच वर्षं, आणि नेमका तोच विसरला जातो.

३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळमध्ये २,००० रुपये जास्त लागतात. पानं फाटली, भिजली, फोटोचं पान सुटलं असेल तर तो पासपोर्ट बदलून घ्यावा. पान स्वतः फाडणं हा तर गुन्हाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर पुण्याच्या एका प्रवाशाला अटक झाली होती. बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्याने पासपोर्टची पानं फाडली होती, आणि मग त्या घरच्यांसकट अख्ख्या महाराष्ट्राला कळल्या.

सरकारी नोकरांनी पासपोर्टचा अर्ज करताना आपल्या कार्यालयाला दिलेलं पूर्वसूचना पत्र किंवा कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्रत्यक्ष जाताना रजा आणि परदेश प्रवासाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिक्षक, ग्रामसेवक, एसटी आणि महावितरणचे कर्मचारी यांनी व्हिसाच्या आधी हे काम हातात घ्यावं आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्यावी.

पोलिस पडताळणीत गावाकडे हमखास निघणारी गोष्ट म्हणजे बांधावरची भांडणं. दहा वर्षांपूर्वी चुलतभावाशी झालेली मारामारी, त्यातली तक्रार. नुसता एफआयआर दाखल आहे म्हणून पासपोर्ट नाकारता येत नाही. न्यायालयाने दखल घेतली असेल तरच खटला प्रलंबित धरायचा, असं परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. खटला खरोखर चालू असेल तर ते लपवू नये. त्याच न्यायालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी घेतली की पासपोर्ट मिळू शकतो, मात्र तो बऱ्याचदा कमी मुदतीचा असतो. वकिलाची फी आणि दोन-तीन तारखा यात जातात, पण लपवलेली केस निघाली तर पासपोर्टच जप्त होऊ शकतो.

व्हिसा: अर्ज कधी करायचा?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस आहे, पण ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. उन्हाळी सुट्टीत युरोपला जायचं तर अपॉइंटमेंट मिळवणं हीच खरी लढाई असते, म्हणून फेब्रुवारीत हालचाल सुरू करावी. फी ९० युरो, शिवाय ३०,००० युरोचं संरक्षण देणारा आरोग्य विमा. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करून फिरायचं फ्रान्समध्ये, ही एजंटांची जुनी शक्कल आहे. प्रवेशाच्या वेळी हॉटेलचं बुकिंग विचारलं की ती उघडी पडते.

अमेरिकेचं वेळापत्रक सगळ्यात बेभरवशाचं. पर्यटक व्हिसाची फी १८५ डॉलर. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुलाखत मराठीतूनही देता येते, अर्जात तसं नोंदवावं. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरून पाठ केलेली वाक्यं म्हणण्यापेक्षा 'लेकीकडे चाललोय, बाळंतपण आहे, चार महिन्यांनी परत येणार, ऊस आहे' हे मराठीत सरळ सांगितलेलं कधीही चांगलं.

व्हिसा अधिकाऱ्याला मुख्यतः एकच पाहायचं असतं, की हा माणूस परत येणार का. इथे शेतकरी कुटुंबांची एक खास अडचण होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्र नसतं, आणि एजंट मग सांगतो, 'खात्यावर पाच लाख भरा.' अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेले पाच लाख हे संशयाचंच कारण ठरतात. त्यापेक्षा सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं आणि ती ज्या खात्यावर जमा झाली त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जास्त बोलकं असतं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र, पगारपत्रकं आणि त्याच्या व्हिसाची प्रत जोडावी.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनाही गाफील राहून चालत नाही. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासण्याचा नियम लागू झाला. भारतातल्या अनेक मुलाखती एकदम मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीत भावाच्या लग्नाला आले आणि व्हिसाचा शिक्का उमटवून परत जाऊ म्हणाले, ते इथेच अडकले. सप्टेंबर २०२५ पासून तिसऱ्याच देशात जाऊन मुलाखत देण्याची वाटही जवळपास बंद झाली आहे. ज्यांचा जुना शिक्का संपला आहे त्यांनी भारतात येण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारावं आणि लांबलेल्या मुक्कामाची रजा गृहीत धरूनच तिकीट काढावं.

व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असंही नाही. थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, १ मे २०२५ पासून. मलेशिया आणि सिंगापूरचंही तसंच कार्ड आहे, आणि सिंगापूरला तर भारतीयांना त्याशिवाय व्हिसाही लागतो. ही कार्डं मोफत भरता येतात. गुगलवर शोधलं की वरच्या जागी पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट दिसतात. कार्डाचे पैसे मागितले की साइट बंद करावी.

कामासाठी जाताय?

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाताना अशा व्यक्तींना 'ई-मायग्रेट' प्रणालीतून सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती नसेल तर मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवरून परत पाठवतात, तिकीट आणि व्हिसा हातात असला तरी. तुमच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र असूनही पासपोर्टवर ही नोंद असेल तर ती काढून घेता येते. ते काम जाण्याआधी करावं.

'आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर वर्क व्हिसा करून देतो' असं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो. त्याचं ऐकून गेलेली मुलं थायलंडमार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने तिथून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. इमिग्रेशनचे अधिकारी बँकॉकला एकट्या निघालेल्या पंचविशीतल्या मुलाला जास्त प्रश्न विचारतात, त्यामागे हे कारण आहे. नोंदणीकृत भरती एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्याचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत शोधून बघा.

विमानतळावर

कुर्डुवाडीहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालं की सकाळी मुंबईत पोचता येतं. दुपारनंतरच्या किंवा रात्रीच्या विमानाला हे सोयीचं आहे. गाडीने निघाल्यास खंडाळ्याच्या घाटासाठी, विशेषतः सुट्ट्यांच्या दिवशी, दोन तास जास्तीचे धरावेत. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं आणि ते 'पाच मिनिटं थांबा' म्हणून थांबत नाही. तीन तास आधी पोचा, हा सल्ला म्हणूनच. तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, टर्मिनल कोणतं, हेही आता वाचून घ्यावं लागतं.

तुमचा व्हिसा सगळ्यात आधी तपासते ती विमान कंपनी. कागदपत्रं अपुरी असलेल्या प्रवाशाला नेलं तर कंपनीलाच दंड होतो, म्हणून तिथला कर्मचारी इमिग्रेशनपेक्षाही कडक वागतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, मुलाचा पत्ता, विमा हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवावं, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. नवीन पासपोर्ट काढला असेल आणि अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्यात असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत.

मग इमिग्रेशन. भारतीयांना भरावं लागणारं डिपार्चर कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झालं आहे, त्यामुळे तिथे फॉर्म नाही, फक्त प्रश्न असतात. कुठे, कशासाठी, किती दिवस, खर्च कोण करतंय. उत्तर छोटं आणि खरं द्यावं. म्हाताऱ्या आईवडिलांना एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन इंग्रजीत लिहून द्यावा, जिथे विमान बदलायचं त्या विमानतळाचं नावही. विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधीच मागून ठेवली तर भाषेची अडचण बरीच कमी होते, कारण सोबत एक माणूस असतो.

'डिजियात्रा' असली की इमिग्रेशनची रांग टळते, असा एक गैरसमज आहे. ती इमिग्रेशनसाठी नाही. त्यासाठी वेगळी योजना आहे, 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम'. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सोय जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज मोफत करायचा, मंजुरी आली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, मग ई-गेटमधून काही सेकंदांत पलीकडे. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत लागते. नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं चालते. वर्षातून दोनदा मुलीकडे जाणाऱ्यांनी ही नोंदणी करावीच. अर्ज मात्र किमान महिनाभर आधी करावा.

युरोपात उतरल्यावरच्या रांगाही सध्या वाढल्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यात पहिल्या खेपेला प्रत्येकाचे ठसे आणि फोटो घेतात. पुढचं विमान तासाभरात पकडायचं असेल तर ती जोडणी धोक्याची आहे. तीन तासांचं अंतर ठेवा.

आणखी एक खोळंबा होतो तो फराळामुळे. खसखस अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि आपल्या अनारशांवर तीच लावलेली असते. दुबईच्या लेकीला अनारसे न्यायचे तर बिनखसखशीचे करावेत. घरगुती मसाल्यात ती घातली आहे का, हे करणारीला विचारावं. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांना अमिरातीत पूर्वपरवानगी लागते.

व्हिसा नाकारला गेलाच तर नकाराचं पत्र जपून ठेवावं. शेंगेनच्या पत्रात कारणावर खूण केलेली असते, आणि पुढचा अर्ज त्याच कारणाचं उत्तर देऊन करायचा असतो. बहुतेक देशांच्या अर्जात 'यापूर्वी व्हिसा नाकारला होता का' असा प्रश्न असतो. तिथे एजंटला परस्पर 'नाही' लिहू देऊ नये, कारण खोटी माहिती दिल्याची नोंद मूळ नकारापेक्षा जास्त काळ मागे लागते. आणि निघण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स घरी कुणाकडे तरी ठेवावी. तिकडे पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावासातून तात्पुरता कागद काढताना ती झेरॉक्स व्हॉट्सअॅपवर मागवता येते.